दाबलेल्या हिरडीचं माप

“वहिनी, हिला डोळे चोळू देऊ नकोस.”

नणंदेनं मला हे सांगितलं तेव्हा मी खारूच्या केसांतला गुंता काढत होते आणि खारू दोन्ही मुठींनी डोळे चोळत भोकाड पसरायच्या तयारीत होती. “झोप आली की सगळीच मुलं चोळतात,” मी म्हटलं. मनात म्हटलं ते वेगळं. स्वतःला मूल नाही, बाळ नाही, आणि माझ्याच पोरीचं मला शिकवतेय. ती थोडा वेळ तिथंच उभी राहिली, अजून काही सांगायचं असल्यासारखी, आणि मग जिना उतरून खाली कामाला गेली.

पुढच्या काही दिवसांत तिनं माझ्या नाकावर टिच्चून खारूला एक खेळ शिकवला. डोळा खाजला की दोन्ही मुठी आत्याकडे द्यायच्या. आत्या त्या आपल्या हातांत मिटून घेणार, म्हणजे कुलूप. मग डोळ्यांवर हळूच फुंकर, मग किल्ली, मग सुटका. खारूला तो खेळ इतका आवडला की डोळा खाजत नसला तरी ती खाली पळायची. एकदा मी म्हटलं, “ये, मी लावते कुलूप.”

“तुझं लागत नाही,” खारू म्हणाली. चार वर्षांच्या पोरीनं हे इतक्या सहज म्हणावं की रागावताही येऊ नये.

त्या वेळी नणंदेच्या उजव्या डोळ्याचं दुखणं तिच्याशिवाय घरात कुणाला माहीत नव्हतं. आता सगळ्यांना माहीत आहे. केराटोकोनस. सासूबाई त्याला नुसतं ‘ते कोनाचं’ म्हणतात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होत जातो आणि आतल्या दाबानं टोकदार होऊन पुढे येतो. दिव्यांना शेपट्या फुटतात, अक्षरांना सावल्या येतात, चष्म्यानं भागत नाही, कडक लेन्स घालावी लागते. तरुण वयात वाढतं, चोळण्यानं वाढतं, आणि एका रक्ताच्या माणसांत पुन्हा निघू शकतं. हे शेवटचं कळलं त्या दिवशी मी खारूला उजेडात धरून तिची बुबुळं इतका वेळ पाहिली की ती म्हणाली, “आई, आत कोण आहे?”

आमच्या तळमजल्यावर कवळ्या होतात. दातांचे डॉक्टर माणसाच्या हिरड्यांचं माप घेऊन पाठवतात. आम्ही त्यावरून प्लास्टरचा साचा करायचा, मेणात एकेक दात बसवायचा, मग पक्कं करून घासूनपुसून परत धाडायचं. टेबलं चार आहेत, पण टेबल म्हटलं की एकच, खिडकीचं. दाताची रंगछटा फक्त दिवसाच्या उजेडात जुळवता येते. दिव्याखाली सगळे दात सारखेच खोटे दिसतात. त्या टेबलावर आधी अण्णांचे वडील बसले, मग अण्णा, म्हणजे माझे सासरे, आणि गेली काही वर्षं माझी नणंद. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा नवरा, भिंतीकडं तोंड करून पॉलिशच्या चाकावर बसतो. तो बहिणीला ‘दुर्बीण’ म्हणतो. पूर्वी लाडानं म्हणायचा म्हणे. मी आले तेव्हापासून तरी त्यात लाड ऐकला नाही.

*

वर्षभरानंतर एका सुट्टीच्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर, अण्णांनी सगळ्यांना खाली बोलावलं. प्लास्टरचं टेबल ओल्या फडक्यानं पुसून त्यावर त्यांनी नणंदेच्या डोळ्याचे दोन नकाशे मांडले. एक मागच्या वर्षीचा, दुखणं पहिल्यांदा सापडलं तेव्हाचा, एक परवाचा. हिरव्या-पिवळ्या रंगांत मधोमध तांबडा डाग.

“हे बघा,” अण्णा म्हणाले. “डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं, की दोन्ही जवळजवळ सारखेच आहेत. उलट परवाचा किंचित सपाट. म्हणजे आजार वाढत नाहीये. सहा महिने थांबून पुन्हा बघता येईल. पण हिचं वय लहान, त्यामुळे आत्ता क्रॉस-लिंकिंग करून घ्यायचं म्हटलं तरी त्या नाही म्हणणार नाहीत. घरी बोला आणि आठवड्यात कळवा म्हणाल्या.”

“वाढलं नाही ना? मग डोळ्याला हात लावायचाच कशाला?” सासूबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. या खोलीत त्या नेहमीच टोकावर बसतात.

“करून टाकावं,” माझा नवरा म्हणाला.

“तुला कसली रे घाई?”

“घाई नाही, आई. हे थांबेल म्हणून कुणी लिहून देत नाही. अण्णा, तुम्हीच सांगा ना ते काय करतात.”

अण्णांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचे हात कामावर असल्यासारखे हलत होते. पडद्याचा वरचा नाजूक थर खरवडायचा. मग पिवळं औषध, व्हिटॅमिनच असतं ते, थेंब थेंब मुरवायचं. मग त्यावर जांभळा प्रकाश. “आपण रेझिन पेटीत ठेवून प्रकाशानं घट्ट करतो ना, तसंच समज. आतले धागे एकमेकांना धरून बसतात.”

“आणि नजर सुधारते?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही. जिथं आहे तिथं थांबते.”

“म्हणजे एवढं खरवडून घ्यायचं ते आहे तसंच राहण्यासाठी?”

“तेच तर, आई,” नणंद म्हणाली. इतका वेळ ती मेणाच्या एका तुकड्याला नखानं कोन पाडत बसली होती. “आठवडाभर आग, महिनाभर धूसर, आणि लेन्स लगेच घालता येणार नाही ते वेगळंच. डाव्याचंही करायचं म्हटलं तर परत पहिल्यापासून.”

“टेबलाचं टेन्शन घेऊ नकोस,” नवरा म्हणाला. “मी आहे ना.”

“हां. मी म्हटलंच, अजून कसं बोलला नाहीस.”

“काय बोलायचं होतं मी?”

“हेच. डोळा माझा, पण तू केव्हाचा खिडकीकडं बघतोयस.”

“बघा हं, अण्णा, मी हिच्या भल्याचं सांगतोय तर—”

“तुझ्या भल्यात माझं भलं कुठं बसतं तेवढं दाखव, मी उद्या ऑपरेशन करते.”

खारू टेबलाखाली बसून फुटक्या साच्यांची गावं मांडत होती. “भांडू नका,” ती खालून म्हणाली. “माझं गाव हलतंय.”

*

माझ्या नवऱ्याचं म्हणणं बरोबर होतं, हे मी आधीच सांगून ठेवते. त्यानं हा आजार आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त वाचला होता. तरुण वयात तो पुढे सरकतो, आणि घट्ट करायचंच तर आकार बिघडायच्या आधी केलेलं बरं, कारण जो आकार असेल तोच पक्का होतो, हे त्याला कळलं होतं. पण ते त्याच्या तोंडून निघालं की त्याला खिडकीचा वास यायचा, आणि तो वास त्याला स्वतःलाही येत होता.

एकोणिसाव्या वर्षी तो त्या टेबलावर बसला होता. अण्णांनीच बसवलं. काही आठवड्यांत एका शिक्षिकेची कवळी परत आली, पुढचे दात किंचित काळपट. अण्णा काही बोलले नाहीत. बहीण तेव्हा शाळेत होती. गणवेशातच येऊन तिनं छटांच्या पट्टीतला एक दात उचलला आणि म्हणाली, “दादा, हा हवा होता ना?” तिला वाटलं मदत केली. दुसऱ्या दिवशी तो चाकावर होता आणि आजतागायत आहे. हे त्यानं मला लग्नानंतर कितीतरी दिवसांनी सांगितलं, पाठ करून, उशीत तोंड घालून. मला त्याचं वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला, की अण्णांचा तिच्याकडं बघताना होतो तसा चेहरा त्याच्याकडं बघताना कधी होत नाही. माझ्याकडं बघताना होण्याचा तर प्रश्नच नव्हता. मी रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेली सून. माझ्याकडं डॉक्टरांचे फोन आणि कवळ्यांचे डबे पोचवणं.

आणि सासूबाई. त्या नको नको म्हणत होत्या त्याचं कारण भीती असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्या दुपारी मात्र त्यांची नजर नकाशांवर नव्हती. ती खिडकीच्या टेबलाच्या कडेवर होती, जिथं लाकडाला एक खळगा पडलाय. मनगट टेकून टेकून पडलेला. अण्णांचं मनगट रुंद, नणंदेचं उजवीकडं टेकतं. तो खळगा डावीकडं आहे. आमच्या घरात डावखुऱ्या एकट्या सासूबाई.

*

मी चहा टाकायला वर गेले, आणि पाठोपाठ नणंद आली. तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

“तू काही बोलली नाहीस खाली.”

“मला कुणी विचारलं नाही.”

“वहिनी.” तिनं कपाटाला पाठ टेकवली. “तू बोलणार नाहीयेस ना?”

मला माहीत होतं ती कशाबद्दल म्हणतेय. नेत्रालयातून तपासणीची वेळ ठरवायला फोन आला तो मी घेतला होता. तिकडच्या बाईंनी बजावलं होतं, “कडक लेन्स वापरतात ना त्या? मग तपासणीच्या आधी दोन आठवडे अजिबात घालायची नाही, नाहीतर नकाशा चुकीचा येतो.” मी निरोप शब्दाला शब्द दिला. ती “बरं” म्हणाली. आणि त्यानंतर रोज सकाळी न्हाणीघरात तिची लेन्सची डबी मला ओली दिसत होती. तपासणीच्या दिवशीसुद्धा. मला दिसतात अशा गोष्टी. कुणाची डबी ओली, कुणाचं ताट अर्धं, कुणाच्या खोलीतला दिवा चालू. कुणी मला हे काम दिलेलं नाही.

“डॉक्टरीणबाईंनी विचारलं नाही?”

“विचारलं. हो म्हटलं, काढून ठेवली होती.”

“अगं, पण का?”

“दोन आठवडे लेन्स नाही म्हणजे दोन आठवडे टेबल नाही. आणि दादा चाकावरून उठून बसला असता. बसला असता की नाही, सांग.” मी चहात साखर टाकली. “एकदा बसला की अण्णा त्याला उठ म्हणणार नाहीत. त्यांना कुणालाच उठ म्हणता येत नाही. आणि तुला आवडलंच असतं ते.”

“माझं काय मध्येच.”

“तू माझ्याकडं कशी बघतेस ते मला एका डोळ्यानंही दिसतं, वहिनी.”

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि फडकं शोधायच्या निमित्तानं तिच्याकडं पाठ केली, कारण माझ्या चेहऱ्यावर काय होतं याची मला खात्री नव्हती. डोक्यात एक विचार येऊन बसला होता आणि तो अगदी थंड होता. मी बोलले, तर ऑपरेशन होईल आणि टेबल आमच्याकडं येईल. गप्प राहिले, तर पडदा पातळ होत होत एक दिवस तिला दात आणि सावली यांतला फरक कळेनासा होईल, आणि तरीही टेबल आमच्याकडंच येईल. गप्प राहण्यात एक सोय जास्त होती. मला कुणी नावं ठेवणार नव्हतं. आणि खारू आपसूक वर येईल, माझ्याकडं. फुंकर घालायला बसणाऱ्या आत्याला तोवर खारूचे डोळे नीट दिसत नसतील.

हे सगळं माझ्या मनात फडकं पिळून होईपर्यंत येऊन गेलं.

“कप घे,” मी म्हटलं. “मी ट्रे आणते.”

*

खाली आलो तेव्हा गोष्ट मिटल्यासारखी होती. अण्णा नकाशांची घडी घालत होते. “थांबू या सहा महिने,” ते म्हणाले. “वाढलं असतं तर वेगळं.” नवऱ्यानं खांदे उडवले. सासूबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. नणंद आपल्या टेबलाशी, खिडकीला पाठ करून उभी राहिली. सुट्टी म्हणून तिनं लेन्स काढलेली होती. ती डोळ्यात टोचते आणि सुट्टीला ती डोळ्याला मोकळं सोडते.

खारू टेबलाखालून निघाली. प्लास्टरचा भुगा डोळ्यात गेला असावा. मुठी करून चोळायला लागली, जोरात, आणि मी ट्रे ठेवेपर्यंत आत्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि दोन्ही मुठी पुढे केल्या. कुलूप.

नणंदेनं हात पुढे केले आणि मिटले. हवेत. खारूच्या मुठी तिच्या हातांच्या अलीकडं वीतभर राहिल्या.

क्षणभरच. लगेच तिनं मान वाकडी केली, डावा डोळा पुढे आणला, आणि दुसऱ्या खेपेला मुठी बरोबर धरल्या. फुंकर घातली. किल्ली फिरवली. बाकी कुणी पाहिलं नाही. खारूनं पाहिलं, पण तिला तो खेळाचाच भाग वाटला आणि ती हसली.

मागच्या वर्षी ती मला डोळे चोळण्याबद्दल सांगून तशीच उभी राहिली होती. तिला पुढे म्हणायचं होतं ते, ‘मला झालंय, हिला होऊ नये,’ मला आत्ता ऐकू आलं.

“अण्णा,” मी म्हटलं. “एक विचारू? कामाचंच आहे.”

“विचार की.”

“जुनी कवळी रात्रंदिवस तोंडात ठेवणारा माणूस असतो. त्यानं ती काढून न ठेवता तसंच येऊन माप दिलं तर?”

“परत पाठवायचं,” अण्णा म्हणाले. हे ते झोपेतही सांगतील. “हिरडी दबलेली असते ना. माप देखणं येतं, सपाट, गुळगुळीत. पण खोटं. चार दिवस कवळी काढून ठेव म्हणावं, हिरडी आपल्या मूळ आकाराला येऊ दे, मग घे माप. किती डॉक्टरांना सांगून—”

ते थांबले. हातातला नकाशा त्यांनी पुन्हा उघडला. ‘किंचित सपाट’ म्हणाले होते त्या ठिकाणी त्यांचं बोट आलं आणि तिथंच राहिलं. सगळं आयुष्य दाबलेल्या हिरड्यांची मापं ओळखण्यात गेलेला माणूस.

“लेन्स कधी काढली होतीस?” त्यांनी विचारलं.

नणंद माझ्याकडं बघत होती. “झालं समाधान?” ती म्हणाली.

“कधी काढलीस, पोरी?”

“त्याच सकाळी. गाडीत.”

“मी शेजारी होतो.”

“तुम्ही रस्ता बघत होता.”

माझा नवरा उठून उभा राहिला. “मी सांगत होतो की नाही? मी सांगत होतो. आता तरी—”

“तू खाली बस,” सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण तो बसला. मग त्या मुलीकडं वळल्या. “तू ऑपरेशनला भीत नाहीस. तू उठायला भितेस.”

नणंदेनं मागं हात नेऊन टेबलाची कड धरली.

“बरोबर भितेस. हा पोटात होता तेव्हा मी त्या टेबलावरून उठले. तुझे आजोबा म्हणाले, ‘चार दिवस आराम कर, जागा कुठं पळून जात नाही.’ मग तू झालीस. मग आणखी चार दिवस. यांच्या कवळ्यांतले दात मी बसवत होते तेव्हा, माहीत आहे? यांना छटा कळायची नाही. माझ्याकडून शिकले हे.”

“हे खरंय,” अण्णा खालमानेनं म्हणाले.

“आणि तू तिथं बसलीस, तर सगळे म्हणाले, बापाची नजर घेतलीय पोरीनं. मला इतका आनंद झाला, आणि इतका मत्सर वाटला, की मी त्या दिवसापासून या खोलीत नीट टेकले नाही.” त्या उठल्या, चार पावलांत खिडकीच्या टेबलाशी गेल्या, स्टूल ओढलं आणि त्यावर पुरत्या बसल्या, मागंपर्यंत. डावं मनगट त्या खळग्यात जाऊन बसलं. “लेन्स काढ. दोन आठवडे राहू दे, परत माप दे. खरं जे येईल त्याप्रमाणं करायचं. तोवर मी बसते इथं, आणि ऑपरेशन झालं तरी मीच बसेन.”

“आई, इतक्या वर्षांनी तुझा हात—” नवरा म्हणाला.

“माझा हात मला माहीत आहे. तू बसलास तर तुला उठवताना घर फुटेल. मी बसले तर मी उठेन. मला सवय आहे.”

चहावर साय धरली होती. खारूनं आजीजवळ जाऊन विचारलं, “आजी, तू कुणाची जागा घेतलीस?”

“धरून ठेवलीय गं,” सासूबाई म्हणाल्या.

*

नवरा माझ्याशी कितीतरी दिवस धड बोलला नाही. एकदाच म्हणाला, “सांगायचंच होतं तर मला आधी सांगायचंस.” मी म्हटलं, “तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?” त्यावर त्यानं कूस बदलली. तो काही वाईट माणूस नाही. बहिणीला दुसऱ्या तपासणीला तोच घेऊन गेला, आणि परत आल्यावर नकाशा माझ्या हातात देऊन चाकाकडं निघून गेला. त्या दिवशी चाक बराच वेळ नुसतंच फिरत होतं.

तांबडा डाग वाढला होता. कडेला पसरून खाली उतरला होता. पडदा पातळ झाला होता, पण अजून ऑपरेशन झेपण्याइतका जाड होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता आलात ते बरं झालं. आणखी सहा महिन्यांनी कदाचित हे करता आलं नसतं. नणंद त्यांना म्हणाली, “मी खोटं बोलले होते.” त्या म्हणाल्या, “पुष्कळ जण बोलतात. नकाशा फार दिवस खोटं बोलत नाही.”

उजव्या डोळ्याचं झालं. ती घरी आली ती काळा चष्मा लावून, भावाच्या दंडाला धरून. अर्ध्या जिन्यात ती त्याला म्हणाली, “दादा, चाकाला पॉलिश कमी लाव, दात झिजतील,” आणि तो म्हणाला, “गप गं, दुर्बीण.” मी वरच्या पायरीवर होते. मला त्यात लाड ऐकू आला, आणि वाईट गोष्ट ही, की तोही मला सहन झाला नाही.

आज तिसरा दिवस. दुपार आहे. खाली सासूबाई टेबलावर आहेत. त्यांचं पहिलं काम परत आलं, एक सुळा वाकडा, आणि त्या ते पुन्हा करताहेत, अण्णांना जवळ फिरकू देत नाहीत. वर तिच्या खोलीचे पडदे ओढलेले आहेत. औषधाचे थेंब मी घालते. ती डोळा उघडते, थेंब पडू देते, मिटते. माझ्याशी बोलत नाही. तिच्या पापणीखालून पाणी येतं ते औषधाचं की कशाचं, हे मी विचारत नाही. आग होते तिला, फार. झोपेत हात डोळ्याकडं जातो आणि तेच चालायचं नाही, घट्ट धरायला लागलेल्या पडद्यावर एक मूठ फिरली तरी पुरे, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.

खारू तिच्याशेजारी आहे. जेवून गेली ती आलीच नाही. मघापर्यंत तिचा आवाज येत होता. “आत्या, आता मी लावते. दे हात. कुलूप. आता मी किल्ली हरवली, म्हणून झोप.” मग फुंकर. मग आता बराच वेळ काहीच नाही.

मी दाराबाहेर उभी आहे. आत जायला हवं, कळतं मला. पण मी दार उघडलं की त्या दोघी जाग्या होतील, आणि नणंद माझा चेहरा बघेल. आत्ता तो कसा दिसतोय ते मला माहीत आहे, आणि तिला तो एका डोळ्यानंही दिसतो. तुम्ही हे सगळं ऐकलंत, पण तुमच्याशी तिचं काही वाकडं नाही. तुम्ही जरा डोकावून याल? दार चार बोटंच उघडा, उजेड आत जाऊ देऊ नका. दोघींचे हात कुठं आहेत तेवढं बघा. आधी तिचे. माझ्या मुलीचे नंतर.